चौऱ्याण्णव टक्के स्वच्छ हात

संजना गांगुर्डेला एकच वेड होतं, ते म्हणजे हातांचं. स्वतःच्या नव्हे हो, दुसऱ्यांच्या! माणूस भेटला की लोक तोंडाकडे बघतात, ही बाई आधी हातांकडे बघायची. लग्नाला गेली तर नवरीच्या मेंदीचं कौतुक करता करता हिची नजर नखांखाली. तिचा नवरा धम्मपाल महापालिकेत कारकून होता. त्याला पाणीपुरीची हौस, पण गाडीवाल्याचे हात बघून ही नाक मुरडायची म्हणून बिचारा एकटाच चोरून खाऊन यायचा आणि घरी साळसूद चेहऱ्यानं टीव्हीसमोर बसायचा. ती यायची, त्याची बोटं हुंगायची आणि न बोलता साबण पुढे करायची.

तर अशा बाईला देवाच्या कृपेनं, नाही तर बाबासाहेबांच्या पुण्याईनं म्हणा, तसंच काम मिळालं. द्वारका चौकाच्या पुढे एका ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, तिथं ती नर्स होती. हॉस्पिटलचं नाव कशाला हवंय, तुम्हाला थोडंच ॲडमिट व्हायचंय? सहा वर्षं तिनं वॉर्डात काढली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त रात्री जागून काढल्या. मग गेल्या जूनमध्ये मेडिकल डायरेक्टर सोनवणे मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. आयसीयूतल्या नर्सना हात धुण्याचं नीट ट्रेनिंग द्यायचं आणि त्याचा उपयोग झाला की नाही ते मोजून दाखवायचं, असं काम होतं. मुदत सहा महिने.

"शिकवलं म्हणजे शिकले असं मी धरत नाही," मॅडम म्हणाल्या. "मला आकडा पाहिजे. आकडा वर गेला तर तुमची पूर्णवेळ पोस्ट, कायम दिवसपाळी. नाही गेला तर परत वॉर्ड."

कायम दिवसपाळी! संजनानं तिथंच हो म्हणून टाकलं. तिची आरोही तिसरीत होती. पोरीचं अर्धं बालपण आजीच्या कुशीत गेलं होतं, कारण आई रात्री दुसऱ्यांच्या उशाशी. नव्या कामामुळे संजना पहिल्यांदाच रोज सहाला घरी येऊ लागली. आरोही जिन्यातच बसून राहायची आणि आईच्या चपलांचा आवाज आला की तिथूनच शाळेतली गाऱ्हाणी सुरू करायची. हे सुख सहा महिन्यांचं न राहता कायमचं व्हावं, एवढंच संजनाला हवं होतं.

कामाला ती अगदी पदर खोचून लागली. आधी दोन आठवडे फाईल घेऊन आयसीयूत नुसती कोपऱ्यात उभी राहिली. ही काय बघतेय ते कोणालाच माहीत नव्हतं, सगळ्यांना वाटलं केसपेपर तपासतेय. पेशंटला हात लावण्याआधी नर्स हात धुते का, किंवा निदान सॅनिटायझर चोळते का, एवढंच ती टिपत होती. शंभरातून एकोणचाळीस वेळा. संजनाला त्या दिवशी डबा गेला नाही.

मग ट्रेनिंग. काय काय केलं नाही तिनं! हातांना एक पावडर चोळायला लावायची, मग धुवायला सांगायची आणि अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली धरायला लावायची. जिथं पाणी पोचलं नाही तिथं पावडर चमकायची. अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. आयसीयूची इन-चार्ज रूपाली सिस्टर, सतरा वर्षांची नोकरी, तोंडानं फटकळ, तिचा तर अख्खा डावा अंगठा चमकला.

"माझे हात धुवून धुवून रेषा पुसल्या गं," रूपाली म्हणाली. "पंचवटीतला ज्योतिषी हात बघून पैसे परत देतो. आणि तुझा दिवा म्हणतो अंगठा राहिला!"

सगळ्या खदखदून हसल्या. संजनाही हसली, पण अंगठा परत धुवायला लावला.

ट्रेनिंगनंतर महिन्याभरानं तिनं पुन्हा मोजायला सुरुवात केली, आणि काय सांगावं! आयसीयूत पाऊल टाकलं की जिकडे बघावं तिकडे हात चोळणं चाललेलं. एक सिस्टर बाटली दाबतेय, दुसरी बेसिनशी उभी, तिसरी तर इतका वेळ चोळतेय की कातडं निघेल. दाराजवळ जी कोणी असेल ती संजनाला बघून मोठ्यानं विचारायची, "ताई, जेवलात का?" सकाळी नऊ वाजतासुद्धा विचारायची. किती माया करतात पोरी, असं संजनाला वाटायचं. महिनाअखेरीला आकडा आला चौऱ्याण्णव. तिनं तीन वेळा बेरीज तपासली, मग मॅडमना तोंडी सांगून टाकलं आणि घरी जाताना आरोहीला आइस्क्रीम घेतलं.

हे विमान जमिनीवर आणलं दत्तूनं. दत्तू म्हणजे हॉस्पिटलच्या स्टोअरचा माणूस. मारलं तरी न बोलणारा, पण रजिस्टर पक्कं. संजना हातमोजे मागायला गेली तेव्हा तो सहज म्हणाला, "ताई, ते आयसीयूचं चौऱ्याण्णव टक्के म्हणे?"

"हो ना!"

"मग सॅनिटायझर कुठं जातंय?"

"म्हणजे?"

"ट्रेनिंगआधी आठवड्याला दहा बाटल्या जायच्या. आता बारा जातात. एकोणचाळीसाचं चौऱ्याण्णव झालं तर चोवीस तरी जायला पाहिजेत ना. साबणाचंही तेच. मी आपलं विचारलं."

मी आपलं विचारलं म्हणे! संजना हातमोजे तिथंच विसरून परत आली. दिवसभर तिला त्या बारा बाटल्या छळत राहिल्या. आणि मग एकदम ते "जेवलात का" आठवलं. सकाळी नऊ वाजता कोण कोणाला जेवण विचारतं? ती आत यायच्या आधी दारातूनच बातमी आत जात होती. तिला इतकी लाज वाटली की जिन्यात ती एका पायरीवर बसूनच राहिली.

आता ही खात्री कशी करायची? ती आत गेली की सगळ्या हात धुणार. कोणी असं पाहिजे की जे दिवसभर तिथंच असतं आणि कोणाच्या नजरेत येत नाही. अशी एकच व्यक्ती होती, भागीबाई. आयसीयूची फरशी पुसणारी मावशी, पंचवटीत राहणारी. बारा वर्षं ती त्या खाटांमधून पोछा फिरवत होती आणि डॉक्टर लोक तिच्या देखत घरची भांडणंसुद्धा फोनवर करायचे, इतकी ती कोणाला दिसत नव्हती.

संजनानं तिला चादरी ठेवायच्या लिनन रूममध्ये गाठून सगळं सांगितलं. भागीबाईनं कंबरेवर हात ठेवून ऐकून घेतलं.

"लिवायचं काय नाय ना?" तिनं विचारलं. "कागुद काढला की समद्यांना कळंल."

"लिहायचं नाही. पण लक्षात कसं ठेवणार तुम्ही?"

"ते माझ्यावर सोडा."

भागीबाईचा नवरा शिंपी होता. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर बटणं घेऊन आली, सदऱ्याची पांढरी आणि कोटाची काळी. हात धुवून पेशंटला लावला तर पांढरं बटण डाव्या खिशातून उजव्या खिशात, न धुता लावला तर काळं. संजनानं ती बटणं आधी स्पिरिटनं पुसून घेतली, वेड कुठं जातंय! रोजची बटणं एका डब्यात टाकायची आणि पुरते बारा दिवस डबा उघडायचा नाही, असं ठरलं.

"कोणालाच सोडू नका हां," संजनानं बजावलं. "रूपाली सिस्टर असो नाही तर कोणी असो. आणि कोणाला बोलायचं नाही."

"न्हाय सोडत," भागीबाई म्हणाली.

ते बारा दिवस संजना नेहमीसारखी फाईल घेऊन फेऱ्या मारत राहिली. चार नंबरच्या खाटेवर तेव्हा पिंपळगाव बसवंतचे रंगनाथबाबा होते. द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये आयुष्य गेलेला माणूस, न्यूमोनियानं आडवा झालेला. तोंडावर मास्क, त्यामुळे बोलणं नाही. संजना दिसली की ते हात पुढे करायचे. तिला वाटायचं, आपले वडील असेच होते. ती त्यांचा हात धरून दोन मिनिटं उभी राहायची आणि तिथून बाकीच्या नर्सच्या हातांवर नजर ठेवायची. मध्ये बाबांना दोन दिवस ताप चढला, मग उतरला.

तेराव्या दिवशी लिनन रूमचं दार लावून दोघींनी डबा उपडा केला. तीनशे बटणं. संजनानं पांढरी वेगळी केली आणि मोजली. एकशे अडतीस. म्हणजे शेहेचाळीस टक्के. दत्तूच्या बाटल्यांनी बरोब्बर सांगितलं होतं. इतकं शिकवून, निळा दिवा दाखवून, घसा कोरडा करून काय मिळालं, तर शंभरात सात जास्त.

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात भागीबाईनं पोलक्यातून एक गाठ मारलेला रुमाल काढला.

"ही वायली ठेवलीत," ती जरा अवघडून म्हणाली.

रुमालात अकरा बटणं होती. नऊ काळी, दोन पांढरी.

"ही कोणाची?"

भागीबाई फरशीकडे बघू लागली.

"डॉक्टरांची का?"

"डाक्टर लोकांची मोजाया घेतली असती तर बटणं पुरली नसती," भागीबाई म्हणाली. "ही तुमची हाईत, ताई. तुमीच म्हणल्या, कोनाला सोडू नका. तुमी फाईल धरून येता, पेन धरून येता, दाराचा दांडा धरून येता आन् त्येच हातानं चार नंबरच्या बाबाचा हात धरता. डोळं तुमचं समदं दुसऱ्यांच्या हातावर."

संजनाला तो फाईलचा पुठ्ठा आठवला, जो ती कॅन्टीनच्या टेबलापासून लॅबच्या काउंटरपर्यंत कुठंही टेकवायची. आणि मग बाबांचा तो दोन दिवसांचा ताप आठवला. तो कशानं आला होता ते कोणाला कळलं नव्हतं. तिच्यामुळे आला असं कोणी म्हणू शकत नव्हतं, आणि तिच्यामुळे नाही आला असंही कोणी म्हणू शकत नव्हतं. तिला भयंकर भीती वाटली. बाहेर जाऊन तिनं हात धुतले, मग पुन्हा धुतले.

अहवाल शुक्रवारी द्यायचा होता. गुरुवारी संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन बसली. शेजारी आरोही सातचा पाढा घोकत होती आणि दर दोन ओळींनी आईच्या मांडीवर कोपर टेकत होती. बटणांचं भागीबाईशिवाय कोणालाही माहीत नव्हतं, आणि ती जन्मात बोलली नसती. चौऱ्याण्णव हा आकडाही काही संजनानं मनचा काढला नव्हता, डोळ्यांनी बघून लिहिलेला होता. धम्मपालनं चहा आणून ठेवला.

"झालं का? आता पोस्ट पक्की ना?" त्यानं विचारलं.

"हो बहुतेक," ती म्हणाली. चहा निवला तरी तिनं कपाला हात लावला नाही.

शुक्रवारी मीटिंगला सोनवणे मॅडम, ट्रस्टचे दोन लोक आणि ड्युटीवरच्या दोघी सोडून आयसीयूच्या सगळ्या दिवसपाळीच्या नर्स होत्या. नर्स एकदम खुशीत. रूपालीनं तर संजनासाठी पुढची खुर्ची पुसून ठेवली होती. संजना उभी राहिली आणि एका दमात बोलून गेली, कारण थांबली असती तर बोललीच नसती.

"ट्रेनिंगच्या आधी एकोणचाळीस. नंतर मी समोर असताना चौऱ्याण्णव. मी समोर नसताना शेहेचाळीस. तो शेहेचाळीस भागीबाईंनी मोजलाय आणि तोच खरा आहे. स्टोअरचं रजिस्टरही तेच सांगतं. आणि सगळ्यात वाईट आकडा ट्रेनिंग देणारीचा, म्हणजे माझा. अकरापैकी दोन."

ट्रस्टच्या एका माणसानं आपले हात हळूच टेबलाखाली नेले. सगळ्यांच्या माना भागीबाई कुठं दिसते का ते बघायला दाराकडे वळल्या.

आणि रूपाली उठली. चेहरा लालबुंद.

"मॅडम, मला बोलायचंय. ते चौऱ्याण्णव आम्ही दिलेत."

"दिलेत म्हणजे?"

"म्हणजे ठरवून दिलेत! हिची पोस्ट त्या आकड्यावर आहे हे आख्ख्या हॉस्पिटलला माहितीय. हिची पोर लहान. सहा वर्षं हिनं रात्री काढल्या, आमच्यापैकी कोणाचं बाळंतपण असो, कोणाची परीक्षा असो, रजेवर गेलो की रात्रपाळीला हीच उभी. आम्ही म्हटलं, आता हिला दिवसपाळी मिळू दे. म्हणून ही आली की दारातून आवाज द्यायचा आणि सगळ्यांनी हात धुवायचे. घाबरून नाही केलं आम्ही. आणि ही बघा, स्वतःच येऊन सगळ्यावर पाणी ओतते!"

बोलता बोलता रूपालीला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून ती आणखी चिडली. बाकीच्या पोरी माना खाली घालून बसल्या. संजना बघतच राहिली. आपल्याला फसवतात म्हणून पंधरा दिवस ती मनातल्या मनात जळत होती, आणि ह्या बायकांनी तिच्यासाठी एवढं कारस्थान रचलं होतं! तिला उठून रूपालीला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच वेळी तिला धरून गदागदा हलवावंसंही वाटलं.

"अगं, तुम्ही माझ्यासाठी हात धुतलेत," ती म्हणाली. "मला काय झालंय? मी धडधाकट आहे. चार नंबरच्या बाबांसाठी धुवा ना गं!"

रूपालीनं नाक पुसलं. मग सवयीनं तिचा हात टेबलावरच्या सॅनिटायझरच्या बाटलीकडे गेला, आणि सगळे आपल्याकडेच बघतायत हे लक्षात येऊन ती ओशाळली. मॅडमना हसू आवरलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"ट्रेनिंग चालू राहील आणि ते संजनाच देतील," त्या शेवटी म्हणाल्या. "पण मोजणं त्यांच्याकडे नाही. जिच्यावर आयसीयूचा एवढा जीव आहे तिला खरा आकडा कधीच दिसणार नाही. ते काम भागीबाईंचं, त्याचा वेगळा भत्ता मी मंजूर करून घेते. आणि आता त्या मोजतात हे सगळ्यांना कळलंच आहे, तेव्हा त्या कधी मोजतात ते मलाही सांगायचं नाही." मग त्या संजनाकडे वळल्या. "पूर्णवेळ पोस्ट मात्र या आकड्यावर मी मागू शकत नाही, सिस्टर. अर्धा वेळ शिकवा, अर्धा वेळ आयसीयूत ड्युटी करा. महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी येईल. सहा महिन्यांनी पुन्हा बघू."

"चालेल मॅडम," संजना म्हणाली. चालेल कसलं, पण आणखी काय म्हणणार होती?

बाहेर पडताना रूपालीनं तिला कोपरानं ढोसलं. "मूर्ख आहेस," ती म्हणाली. "ड्युटी माझ्या हाताखाली आहे, लक्षात ठेव. अकरापैकी दोन म्हणे! माझ्या आयसीयूत चालायचं नाही." आणि खरंच, दुपारी संजना चार नंबरकडे निघाली तेव्हा तिला फाईल बाहेर ठेवायला लावून, हात कोपरापर्यंत धुवायला लावूनच रूपालीनं आत सोडलं. रंगनाथबाबांचा मास्क त्या दिवशी तासाभरासाठी काढला होता. घरी कधी जायचं, एवढंच ते विचारत होते. नातू रुद्र फोनवर रोज विचारतो म्हणे.

सहाला आरोही जिन्यात होतीच. वर येईपर्यंत संजनानं तिला सगळं सांगून टाकलं, अगदी अकरापैकी दोन सकट. पोरीला त्यात भलतीच मजा वाटली. आईलाही नापास करता येतं हे तिला आजच कळत होतं. मग रात्रपाळीचं कळलं तशी ती वरच्या पायरीवर थांबली.

"आठवडाभर तू नसणार?"

"महिन्यातून एकदाच गं."

"मग तू ते चौऱ्याण्णवच सांगायचंस ना!"

संजना तिच्या शेजारी पायरीवर बसली. "एक आजोबा आहेत तिथं, पिंपळगावचे. त्यांचा नातू तुझ्याएवढाच आहे. मी खोटं सांगितलं असतं तर कोणी हात धुतले नसते, आणि आजोबा आणखी आजारी पडले असते. त्याला त्याचे आजोबा घरी हवेत ना?"

आरोहीनं खूप विचार केला. गुडघ्यावर हनुवटी ठेवून, नखं कुरतडत. संजनानं तिचं बोट तोंडातून काढलं नाही.

"हवेत," आरोही शेवटी म्हणाली. "पण मला पण तू हवीस."